स्वयंपाकघरातलं आयर्लंड

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी वयानं तुमच्याही पुढे गेले, तरी कागदावर 'अप्पा' लिहिलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. सवय जात नाही म्हणतात ते खरं.

मी ब्रिटनचा आणि आयर्लंडचा इतिहास घेऊन शिकणार म्हटल्यावर तुम्ही किती वैतागला होता. "गोरा बोटीत बसून गेला, आता तू त्याच्या आज्या-पणज्या मोजत बस," म्हणालात. आपल्या तंजावरकडच्या मराठी लोकांच्या मुली टायपिंग शिकून मद्रासच्या ऑफिसांत चिकटत होत्या. तुम्ही स्वतः बंदराजवळच्या एका विलायती जहाज कंपनीत कारकून. मोठ्या साहेबानं तुमच्या आजारपणात तुम्हाला घरी येऊन पाहिलं होतं, ते तुम्ही येईल त्याला सांगायचात. शेवटी रडून-रुसून मी कॉलेज मिळवलं, पण तुमच्या अटीवर. इंग्रजीत शिकशील ते रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात आपल्या घरच्या मराठीत सांगायचं. आईला कळलं नाही तर तुलाही कळलं नाही असं धरायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून टायपिंगचा क्लास.

मद्रासबाहेरच्या तांबरमच्या घरातलं ते स्वयंपाकघर अजून तसंच दिसतं. तुम्ही पानावर बसलेले, आई वाढते आहे, आणि मी दाराला टेकून इंग्लंडच्या राजाच्या सहा बायका सांगते आहे. आईचा हात थांबतो. "पापम, बिचारी! पहिलीला माहेर नव्हतं का गं?" होतं, मी म्हणते, आणि फार मोठं होतं, म्हणून तर पुढचं सगळं रामायण घडलं. आई मान डोलावते. तुम्ही खाली बघून हसता, मला दिसू नये म्हणून. पार्लमेंट समजावताना मात्र माझी दमछाक झाली होती. शेवटी आईनंच त्याला आपल्या थोरल्या काकांच्या घरातली भांडणं म्हटलं आणि मी सुटले.

मग आयर्लंडच्या दुष्काळाचा दिवस आला. मी सांगितलं, बटाटे शेतातच कुजले, माणसं गवत खाऊन मरायला लागली, आणि त्याच वेळी तिथल्याच बंदरांतून धान्यानं आणि लोण्यानं भरलेली जहाजं इंग्लंडला जात होती. तुम्ही सारभात कालवत होता. "जहाजाचं मला शिकवू नकोस," म्हणालात, आणि पानावरून उठलात. भरल्या पानावरून उठणं आपल्या घरात कधी कुणी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, संपलं माझं कॉलेज.

सकाळी आपण नेहमीसारखे एकाच गाडीनं निघालो. तुम्ही उतरेपर्यंत पेपरातून डोकं वर काढलं नाहीत. वर्गात माझं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलेच नाही, तेव्हा तुम्हीच पानावरून हाक मारलीत.

"कालचं परत सांग."

"सगळं?"

"जहाजांपासून. आज उठत नाही मी."

मी सांगितलं. तुम्ही सावकाश जेवत ऐकलंत. मग हात तसाच पानावर ठेवून म्हणालात, "जहाजात काय चढवायचं ते कारकुनाला कुणी विचारत नाही. कागद मात्र तोच लिहितो." वाटी पुढे सरकवत तुम्ही आईला म्हणालात, "सरी, बरं, सार वाढ." टायपिंगचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

पुढे मी हाच विषय आयुष्यभर शिकवला, आणि सुखानं शिकवला. मद्रासमध्ये बसून आयर्लंड का, असं लोक अजून विचारतात, तेव्हा मी काहीतरी भारदस्त सांगून वेळ मारून नेते. या कागदावर तिकीट लागायचं नाही, तेव्हा तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. तो इतिहास मला कॉलेजात तसा रुक्षच वाटायचा, अप्पा. मला तो संध्याकाळी तुम्हाला सांगायला आवडायचं.