मिंगेलच्या डोक्यावरचे पाणी

॥ जेजू, मारी, जुझे ॥
मुक्काम अकोला, नाताळानंतरचा मंगळवार, सन १८६४

तीर्थरूप पास्कूमामांस,

बस्त्यावचा गुडघे टेकून नमस्कार, आशीर्वाद असावा. तुमचा पाय, आपली म्हैस आणि मामीचा दमा कसे आहेत? (मामीला वाचून दाखवताना क्रम बदलावा.) माझी प्रकृती ठीक आहे, डोके मात्र ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण पाद्रीसाहेब आहेत. धर्मगुरूंवर रागावणे पाप आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून मी रागावलेलो नाही. मी फक्त सगळे सविस्तर लिहितो. रागावायचे ते तुम्ही रागवा.

मी इथे बद्रुद्दीन शेटच्या वखारीत कापसाच्या गाठींवर शाईने आकडे घालतो, हे तुम्हाला कळवले होतेच. (एकही आकडा आजवर चुकलेला नाही.) वखारीमागे आपल्या वसईकडचीच रोजाबाई राहते. तिचा नवरा आगगाडीच्या पुलावर सुतार होता, तो पावसाळ्यात पटकीने गेला, आणि नंतर महिनाभराने मिंगेल जन्मला. पोर आठ दिवसांचे असताना एका सकाळी निळे पडले. रोजा तापाने फणफणलेली, शुद्धीवर नाही. सुईण गोदाबाईने हाक मारली तसा मी हातातला कुंचला टाकून धावलो. पाद्री नागपुरात, म्हणजे बैलगाडीने कित्येक दिवस लांब. पोर बाप्तिस्म्यावाचून जाणार! अशा वेळी कोणीही माणूस पाणी घालू शकतो हे तुम्हीच मला शिकवलेत, मामा. गोदाबाईच्या हातात अर्धा तांब्या पाणी होते, तो मी घेतला. पोराचे डोके घामाने चिंब होते, आणि त्यावर कापसाची तूस चिकटली होती. (या दिवसांत वऱ्हाडात कापूस कुठे नसतो? भाकरीत असतो, दाढीत असतो.) दुसऱ्या कोणी तसेच पाणी ओतले असते. मी तूस वेचून काढली, पाणी कातडीला लागेल असे पाहिले, आणि शब्द सावकाश, एकेक सुटा उच्चारला. पोर रडले. जगले. आज ते माझ्या शाईच्या दौतीत बोटे घालते.

पुढचे लिहिताना मला लाज वाटते, तरी लिहितो. पोराला पाहायला मी रोज जाऊ लागलो, आणि पोर झोपलेले असले तरी लगेच परत येईनासा झालो. नाताळाच्या आधी रोजाने होकार दिला. तो असा : ‘पाद्री आले की त्यांना सांगा. मी सांगणार नाही.’ यापेक्षा गोड होकार मी ऐकलेला नाही.

पाद्रीसाहेब नाताळाला आले. ते जातीने फ्रेंच, पण मराठी नागपूरच्या बाजारात शिकलेले, त्यामुळे लातिनीतून आमच्या भाषेत उतरले की थेट गोदाबाईसारखे बोलतात. सगळ्या गाड्या कापसाला लागलेल्या, म्हणून तेही गाठींवर बसूनच आले. मिस्सा वखारीतच झाली. वेदी म्हणून मी चार गाठी रचल्या, आकडे आतल्या बाजूला करून. पण पवित्र भाकर वर उचलण्याच्या ऐन क्षणी बाहेर गाडीवान नासिर ओरडला, ‘बंबईचा भाव चढला रे!’ आणि आपले गोव्याचे आचारी नि पुलावरचे सुतार निम्मे उठून बाहेर! (स्वयंपाक्याला कापसाच्या भावाशी काय करायचे आहे? पण इथे हल्ली म्हशीसुद्धा भाव विचारतात.) पाद्रीसाहेब त्यांना काही म्हणाले नाहीत. प्रायश्चित्तही दिले नाही. हे लक्षात ठेवा.

मिस्सेनंतर मी लग्नाची गोष्ट काढली. त्यांनी पोराचा बाप्तिस्मा कोणी केला ते विचारले. मी अभिमानाने म्हणालो, मी. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी अशी उलटतपासणी सुरू केली की माझे पित्त खवळले.

‘घाईत पानी केसावरूनच गेलं असन, नाही का?’

‘नाही. तूस वेचली होती. कातडीला लागले.’

‘शब्द तं चुकलाच असन एखादा. पोरगं मरून राहिलं होतं, मानूस घाबरते.’

मी घाबरतो, मामा, पण शब्द चुकवत नाही. मी सगळे जसेच्या तसे म्हणून दाखवले. त्यांनी तीनदा संधी दिली, आणि प्रत्येक वेळी मला वाटले की हा माझा अपमान चालला आहे. शेवटी ते सुस्कारा टाकून म्हणाले, ‘मंग आता मी काय करू बाप्पा? ज्यानं पानी घातलं तो पोराच्या मायचा धर्माचा नातेवाईक झाला. तुह्यं तिच्याशी लगन होत नाही.’

म्हणजे पाहा! मी गबाळा असतो, अर्धे पाणी जमिनीवर सांडले असते, तर आज नवरा झालो असतो. नीट केले म्हणून नातेवाईक झालो. नमाजाच्या वेळी भावाकडे कान देत नाही म्हणणारा नासिरसुद्धा म्हणाला, ‘बस्त्याव भाई, ये तो जुलम है.’ भर मिस्सेतून उठून गेलेल्यांची उद्या बिनबोभाट लग्ने लागतील. पाद्रीसाहेब अमरावतीला गेले, पुढच्या रविवारपर्यंत तिथे आहेत. रोजा माझ्याशी बोलते, पण मान खाली घालून. आणि गल्लीतली माणसे मला ‘मिंगेलचा मामा’ म्हणू लागली आहेत. मामा होणे वाईट नाही (तुम्ही आहातच), पण मला ते व्हायचे नाही.

मामीला नमस्कार, म्हशीला चारा.

तुमचा भाचा,
बस्त्याव

ता. क. पत्राचे खरे कारण हे की अशा नात्यातून बिशपसाहेब सूट देऊ शकतात असे कळते. तुमच्या चर्चचे मुख्य पाद्री, विगारसाहेब, यांच्याशी तुमची ऊठबस आहे. कृपा करून अर्ज करावा. मजकूर मी वेगळ्या कागदावर लिहिला आहे. एकही शब्द बदलू नये.

ता. क. दुसरा. अर्ज करू नये. पत्र बंद करत होतो, तोच रोजा गोदाबाईला हाताला धरून घेऊन आली. म्हणे, त्या सकाळी मी पोचण्याआधीच, शुद्ध हरपण्यापूर्वी, रोजाने तापात शब्द सांगितले आणि गोदाबाईने मिंगेलच्या डोक्यावर पाणी घातले होते! पहिलाच बाप्तिस्मा खरा, दुसरा काहीच नव्हे. म्हणजे मी तूस वेचली ती फुकट! मी संतापून विचारले, मग इतके दिवस बोलली का नाहीस? ‘मले कोनी इचारलं?’ गोदाबाई म्हणाली. मी शब्द म्हणायला लावले. तिने ‘बापाच्या, लेकाच्या अन् पवित्र आत्म्याच्या नावानं’ असे धडाधड म्हणून दाखवले, आमच्या आचाऱ्यांपेक्षा बरे. हे शब्द तेव्हाचे की काल रात्री शिकलेले, असे मी विचारणारच होतो. ती म्हणाली, ‘काहून रे, तुले लगन करायचं हाय का झडती घ्यायची हाय?’ रोजा माझ्याकडे पाहत होती, मान वर करून.

डोके ओले होते, मामा. तांब्या आधीच अर्धा होता. ओल घामाची, हे मी माझ्या मनाने धरले होते. जन्मात पहिल्यांदाच मी एक गोष्ट पुन्हा तपासून पाहिली नाही. उद्या आम्ही चौघे नासिरच्या गाडीने अमरावतीला पाद्रीसाहेबांकडे निघतो. गोदाबाई पुढे बसणार, कारण धर्माचे नाते आता तिचे आहे आणि ती आत्तापासूनच माझ्याशी सासूसारखी बोलते. मामीचे लग्नातले लाल लुगडे पाठवावे.