खुशाली खातं

सोमवार, ३ फेब्रुवारी १९९७, येलहंका

आले एकदाची! आप्पांनी पैज लावली होती, की संयोगिता दोन दिवसांत मुसमुसत बनशंकरीला परत येईल. बघू या कोण मुसमुसतंय ते! लढाईचं हे सहावं वर्ष. अठरा झाली की मुलगे आघाडीवर नि मुली कचेरीत नाहीतर कारखान्यात, हा कायदा काही माझ्यासाठी बदलणार नाही, मग हसत गेलेलं काय वाईट? माझी मैत्रीण भव्या बिचारी गोळ्यांच्या कारखान्यात दारू भरतेय. माझ्या नशिबी पंखा, टेबल आणि शाईचं पेन आलंय.

कचेरी म्हणजे स्टेशनमागची बंद पडलेली रेशीम गिरणी. भिंतींना अजून उकडलेल्या कोषांचा वास येतो, पण होईल सवय. दारावर नवी पाटी आहे, ‘खुशाली खातं’. सैनिकांना म्हणे लिहायला सवड नसते. त्यांचं एकेक कार्ड आमच्याकडे येतं. घरी कोण कोण आहे, कोण कुणाला काय हाक मारतं, काय आवडतं, सगळं त्यावर असतं. त्यावरून त्याच्याच बोलीत घरी खुशालीचं पत्र लिहायचं. लढाई लागल्यापासून आघाडीवरची सगळीच पत्रं तपासनीस टाइप करून पाठवतात, त्यामुळे अक्षराची भानगड नाही. कन्नड मुलींचा हॉल भरलेला आहे. मराठीला आम्ही दोघीच, मी आणि अथणीची शालनअक्का. ती बोलते कमी, पण चटणी झकास करते.

आमचे मुख्य भीमाचार्य. पूर्वीचे शाळामास्तर, तपकीर ओढणारे, आवाज अगदी मऊ. त्यांनी परीक्षा घेतली, की बेंगळूरच्या जुन्या मराठा घरातला मुलगा आईला कसं लिहील? मी झरझर लिहिलं, ‘आई, मी सरी आहे. इथलं जेवण स्वल्प तिखट. तुझ्या हातच्या सारूची आठवण येते. अक्काला सांग, माझी सायकल कुणाला देऊ नको.’ ‘ठीक’ला ‘सरी’, ‘थोडं’ला ‘स्वल्प’, सारला ‘सारू’, ही आमची कन्नडमिश्रित बोली! आचार्य खूश! म्हणाले, पुण्याकडच्या तिघी येऊन गेल्या, पण त्यांची पुस्तकी पत्रं वाचून आयांना शंका यायची.

आमच्या गिरीअण्णाला मात्र असला लेखनिक लागत नाही. तीन वर्षं आघाडीवर आहे, रजा नाही, पण दर महिन्याच्या एक तारखेला त्याचं पत्र हजर. आई ते देवघरात ठेवते. शहाणा आहे माझा भाऊ.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज मी भाव खाऊन घेतला! प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य घालावं लागतं, ‘कोणत्याही अनोळखी इसमास घरात आश्रय देऊ नये.’ मी सरळ आचार्यांना विचारलं, की कुठला पोरगा आपल्या आईला ‘इसम’ लिहितो हो? ते हसले आणि म्हणाले, मग तू लिहून दाखव.

मला आप्पांची गोष्ट आठवली. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया आला होता ती. लहानपणी ती ऐकताना मी नि अण्णा एका चादरीत शिरायचो. मी लिहिलं, ‘आई, माझं तोंड घेऊन कुणी दारात आला तरी कडी काढू नको. शत्रू तोतये पाठवतोय. माझ्यासारखा बोलेल, रडेलसुद्धा. मी येणार असेन तर आधी पत्रानं कळवीन.’

आचार्यांनी ते दोनदा वाचलं. मग हुकूमच काढला, की आजपासून हेच वाक्य सगळ्या मराठी पत्रांत जाईल आणि कन्नडमध्येही उतरवलं जाईल. शालनअक्कानं मात्र मान खाली घालून पुढचं कार्ड ओढलं. जळत असेल, दुसरं काय! मी आज दोन वाट्या पायस खाल्लं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी एक माणूस उभा होता. हाडांचा नुसता सापळा. बाहीवरची पलटणीची पट्टी उसवलेली. म्हणजे ‘बाहेरचा’, बंदूक टाकून दिलेला. असल्यांशी बोलायचं नाही, पाणी द्यायचं नाही, बघायचंसुद्धा नाही, हा कायदा शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पहारेकरी पाठ करून उभा राहिला. मुली पटापटा आत पळाल्या. मी आपली बावळटासारखी तिथेच.

तो मराठीत बोलला. नाव उमाजी, आई सगुणाबाई, घर जे. पी. नगर.

उमाजीची दोन पत्रं मीच लिहिली आहेत! त्याच्या मांजराचं नावसुद्धा मला पाठ आहे.

त्यानं सांगितलं, की होसूरकडे बाहेरच्यांची छावणी होती, ती मोडली. खायला घालणं परवडेना म्हणून सगळ्यांना सोडून दिलं. सगळे पायीच आपापल्या घरी निघालेत. तो घरी पोचला तेव्हा आई आतूनच ओरडली, की माझा मुलगा आघाडीवर आहे, त्याचं पत्र परवाच आलंय, तू चालता हो. तिनं दाराआडून ते पत्र त्याला वाचून दाखवलं. पाकिटावर या खात्याचा शिक्का होता. तो रागावला नव्हता, हेच मला सहन होईना. उलट म्हणाला, की कोण लिहितं ते बघायचं होतं, फार छान लिहिता. फक्त एक पत्र अजून लिहा, की उमाजी आलाय, घरात घे.

मी हो म्हटलं. जीभ झडली असती तरी नाही म्हणवलं नसतं.

शनिवार, १ मार्च

आचार्यांनी ते पत्र माझ्यासमोर फाडलं. चिडून नाही, लहान मुलाचं शुद्धलेखन तपासावं तसं. मग खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. खरे सैनिक स्वतःच लिहितात. आपल्या कपाटातली सगळी कार्डं बाहेरच्यांची आहेत. एका घरानं जरी परत आलेला मुलगा आत घेतला, तर तो आघाडीवर काय चाललंय ते सांगेल, मग शेजारीण आपला मुलगा पाठवणार नाही, मग तिची शेजारीण. आणि त्या आया पत्रं वाचून सुखात आहेत की नाही? त्यांचं सुख तू मोडणार का, असं त्यांनी मलाच विचारलं!

मी, जी तोंडाळ म्हणून अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध आहे, ती फाडलेले तुकडे वेचून टोपलीत टाकून आले.

सोमवार, १० मार्च

सगुणाबाईंचं उत्तर आलं. मुलाला लिहिलंय, ‘बाळ उमाजी, तू कळवलंस तसाच एक आला होता. अगदी तुझंच तोंड रे! तुझ्यासारखाच रडला. मी नाही फसले. पुन्हा आला तेव्हा वॉर्डाच्या लोकांना बोलावून त्यांच्या हवाली केला. आता स्वस्थ झोप लागते. तू जपून राहा.’

त्या बाईला फसवलं ते माझ्या वाक्यानं. मी त्या वाक्यावर पायस खाल्लं होतं.

वॉर्डाचे लोक बाहेरच्यांना कुठे नेतात ते कुणी सांगत नाही. परत आलेला कुणी ऐकिवात नाही.

मंगळवार, १८ मार्च

शालनअक्काची बदली झाली. तिचं कपाट माझ्याकडे. जाताना तिनं माझे हात धरले आणि म्हणाली, मला शिव्या दे बाई, पण तळातलं कार्ड बघू नकोस.

बघितलं.

गिरीराज, बनशंकरी. आई, आप्पा, धाकटी बहीण संयोगिता. जानेवारी १९९५ पासून बाहेरचा, होसूर छावणी.

दोन वर्षं. देवघरातली ती पत्रं, आई हळदकुंकू लावते ती, या टेबलावर लिहिलेली आहेत. फेब्रुवारीच्या शेवटी गेलेल्या पत्राची प्रत इथे आहे. खाली माझं वाक्य आहे. माझं तोंड घेऊन कुणी दारात आला तरी—

अण्णा जिवंत आहे. अण्णा घरी यायला निघालाय. आणि घराला मी कडी घातली आहे.

शनिवार, २२ मार्च

अण्णाच्या पत्रात लिहिलं, ‘आई, मी पाडव्याच्या सुमारास येईन, दार उघड.’ पकडलं तपासनिसांनी. आचार्य ओरडतील असं वाटलं होतं, पण ते हळहळले. म्हणाले, भाऊ आहे होय? मला आधी का नाही सांगितलंस पोरी?

मी त्यांचे पाय धरले. युगादीला दोन दिवस घरी जाऊ द्या म्हटलं. मला वाटलं, तोंडानंच सांगेन आईला. तोंडाला तर कुणी तपासनीस नाही.

ते हो म्हणाले. फक्त एक काम करून जा म्हणाले. हल्ली हे बाहेरचे घरी सांगायला लागलेत, की पत्रं खोटी आहेत म्हणून. त्यावर तुझ्या त्या घरगुती भाषेत एक चांगलंसं वाक्य हवंय.

लिहिलं. रजा हवी होती, लिहिलं. ‘आपल्यातलंच कुणी येऊन सांगेल, ही पत्रं माझी नाहीत. रागावू नको. त्याला धाक घातलाय समज आणि जवळ घे. पण दार उघडू नको.’

पाच मिनिटंही लागली नाहीत मला.

सोमवार, ७ एप्रिल, बनशंकरी

घरी पोचले. चप्पलसुद्धा न काढता सगळं सांगितलं. कचेरी, कार्डं, उमाजी, शालन. रडत, शपथा घेत. पत्रं खोटी आहेत, अण्णा छावणीतून सुटलाय, तो येईल, त्याला आत घ्या.

आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं. केसांतून हात फिरवला. म्हणाली, गिरीनं कळवलंय गं आधीच. बाळा, किती धाक घातला तुला मेल्यांनी!

मी म्हटलं, ते वाक्यही मीच लिहिलंय. ती आणखीच रडली, माझ्या काळजीनं. आप्पा माझ्याकडे बघेनात.

मंगळवार, ८ एप्रिल, सकाळी

युगादी. कडुनिंब-गूळ खाल्ला. होळिगेच्या पुरणाचा वास सुटलाय. सणाचं म्हणून आईनं जुनी पत्रं काढून मोठ्यानं वाचली. अण्णा लहानपणी परसातल्या जांभळावरून पडला आणि मीच जास्त रडले, ते त्यात आहे. मलाही लख्ख आठवलं, माझा निळा फ्रॉक, त्याचा सोललेला गुडघा. दोघी हसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले मी.

तो आज नाही आला तर बरं, असं मनात आलं. काय हे माझं मन!

दुपारी

आलाय.

दारावर तीन थापा. ‘आई’ म्हणाला. आप्पा मागच्या दारानं वॉर्डाच्या लोकांना बोलवायला गेले. मी त्यांचा सदरा धरला, फाटला, पण ते थांबले नाहीत. आई दाराला पाठ लावून खाली बसली आहे. पत्रांचा गठ्ठा मांडीवर. मोठमोठ्यानं वाचतेय, त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

मी खिडकीच्या फटीतून विचारलं, तू जांभळावरून पडलास तेव्हा कोण रडलं?

त्यानं फटीला डोळा लावला. मग म्हणाला, आपल्याकडे जांभूळ कुठे होतं?

तोतया. हा अण्णा नाही. आई खरी. मी खिडकी लावून घेतली.

लावली मी. मीच.

—परसात जाऊन आले. नारळ आहे. दोन्ही नारळच. जांभूळ नाही, खुंटसुद्धा नाही. जांभूळ अथणीला आहे, शालनच्या माहेरी. तिचा भाऊ पडला होता. तिनंच सांगितलं होतं चटणी वाटताना. तिनं ते अण्णाच्या पत्रात घातलं आणि मला— मला निळा फ्रॉक आठवला. न घडलेलं आठवलं मला.

तोच आहे. अण्णाच आहे.

सांगितलं आईला. ऐकत नाही. ओढलं तिला. हलत नाही. दोन्ही पाय जमिनीला रोवून बसली आहे— हातातली वही सोडवत नाही मला, लिहितेच आहे, दुसरं काही येतच नाही मला—

गल्लीत शिट्टी. आप्पांचा आवाज. बरोबर माणसं—

तो पळत नाहीये. अण्णा पळ! ओरडले. तो म्हणतो, कुठे?

खाली बसला वाटतं. दाराखालच्या फटीतून त्याचा हात आत आलाय. आईच्या पदराशेजारी. पालथा, चिखलानं माखलेला, दोन बोटं नाहीत.

आईनं बघितला. बघतेय. तिचा हात पुढे गेला, त्याच्या हातावरून फिरला, एकदा— ओळखलं तिनं, ओळखलं, मी पाहिलं तिचं तोंड—

आणि वाचतेच आहे. त्याचा हात घट्ट धरून वाचतेच आहे, ‘आई, मी सरी आहे, काळजी करू नको’—

आई, ऊठ. आले ते. आई, कडी—