आपल्या घरी न जेवलेली पाहुणी

दादा, काल लातूरच्या एका कॉलेजात माझं भाषण झालं आणि त्यात मी तुमच्याबद्दल पुन्हा तेच खोटं सांगितलं. प्रागला निघालेल्या दहा मुलांचा निरोप समारंभ होता. तीन आठवडे ही मुलं तिथल्या विद्यार्थ्यांच्या घरी राहतील, मग ते विद्यार्थी इकडे येऊन यांच्या घरी राहतील. मीही कॉलेजात असताना अशीच गेले होते म्हणून मला बोलावलं. माझी ती गोष्ट तुम्ही ऐकलेली नाही, कारण तुम्ही गेल्यावर मी ती रचली. प्रागची मैत्रीण मुदखेडला आपल्या घरी आली, जमिनीवर तुमच्या शेजारी मांडी घालून बसली आणि रुळांची देखभाल करणाऱ्या माझ्या गँगमन बापाच्या हातची भाकरी तिनं मागून मागून खाल्ली. या जागी टाळ्या पडतात. आजवर कधी चुकल्या नाहीत.

प्रागमध्ये मी राहिले ते चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर होतं. मैत्रिणीनं मला स्वतःचा पलंग दिला आणि आपली गादी स्वयंपाकघरात टाकली. तिचे वडील ट्राम चालवायचे. एका रविवारी ते मला त्यांच्या ट्राममधून पार किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत घेऊन गेले. दर थांब्यावर मान वळवून बघतात, मला सगळं नीट दिसतंय ना. संध्याकाळी सूप वाढताना त्यांनी विचारलं, तुझे वडील काय करतात? मी म्हणाले, रेल्वेत आहेत. ते इतके खूश झाले की त्यांनी माझा हातच हातात घेतला. म्हणजे आम्ही दोघंही रुळांवरची माणसं! गाडी चालवतात का? आणि श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलून वक्तृत्वाच्या ढाली जिंकणारी मी म्हणाले, "नाही, साहेब आहेत." त्यांनी हात हळूच सोडला आणि गमतीनं मला सलाम ठोकला. त्या दिवसापासून त्या घरात साहेबाची मुलगी राहिली. तिचे लाड झाले, तिला शहर दाखवलं गेलं. माझ्याशी कुणी बोललं नाही, कारण मी तिथे नव्हतेच. मी नदीवरच्या पुलावर एकटी उभी राहायची. या वेळी तुम्ही खांद्यावर हातोडा घेऊन मुदखेडच्या पुढे कुठवर चालत गेला असाल, याचा अंदाज बांधायची.

हिवाळ्यात ती मैत्रीण नांदेडला माझ्या कॉलेजात आली. तुम्ही रजा टाकली होती, घराला चुना दिला होता, अर्धापूरहून केळी आणली होती. आई गेल्यापासून आपल्या घरी पाहुणा असा कुणी आलाच नव्हता. "कवा आणतीस पोरीला?" तुम्ही रोज विचारायचात. मी तिला आमच्या प्राध्यापक बाईंच्या घरी उतरवलं. तिला सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत. तुम्हाला सांगितलं, तिचं पोट बिघडलंय, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. "अगं माय! परमुलखात लेकराला असं झालं व्हय? मी मुगाची खिचडी करून देतो. पॅसेंजरच्या गार्डाकडं डबा देतो, तू ठेसनावर उतरून घे."

दुसऱ्या दिवसापासून डबा येऊ लागला. गार्ड हसून म्हणायचे, "घे बाई, पेशंटचं जेवण. तुझा बाप लई काळजी करून राहिलाय." ती त्या वेळी बाजारात भजी खात हिंडत असायची. तुमच्या हातचं अन्न टाकवेना, म्हणून फलाटावरच्या बाकावर बसून ती बिनतिखट खिचडी मीच खायची. नळावर डबा धुवायची आणि परतीच्या गाडीनं पाठवून द्यायची. रात्री तुमचा फोन यायचा. "खाल्ली का पोरीनं?" "हाव, सगळी खाल्ली." "मीठ बराबर हाय का, इचार तिला." असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी डबा उघडते, तर खिचडी नाही. ज्वारीच्या दोन भाकरी, कांदा आणि मला लागतो तसा झणझणीत ठेचा. त्या दिवशी तुमचा फोन आला नाही. त्या पाहुणीचं नाव तुम्ही पुढे कधीच काढलं नाहीत. तुम्हाला कुणी सांगितलं की आपलं आपणच ओळखलंत, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पुढे दहा-दहा हजारांच्या सभा मी हलवल्या, पण हा एवढा प्रश्न तुमच्यासमोर बसून विचारता आला नाही.

काल भाषण संपल्यावर फोटोसाठी रांग लागली. त्या रांगेतून एक मुलगी पुढे आली. "जयभीम मॅडम. माझे पप्पा मार्केट यार्डात हमाल हायत. मी तिकडच्या पोरीला ते व्यापारी हायत म्हणून कळवून बसले."

"मग?"

"मग काय. ती आमच्या घरी येणार. तुमचं भाषण ऐकलं आन् कळलं, तुमच्यासारखं काळीज आपल्याला न्हाई. परवा पक्की यादी जाणार हाय, त्याच्याआधी नाव काढून घेते."

दादा, मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस," म्हणाले. तिचा नंबर घेतला. मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, इकडं बघा!" आणि मी तिकडे बघून हसले.

यादी उद्या जाणार. ती मुलगी घरी बसली तर माझ्या त्या टाळ्यांच्या भाकरीपायी बसेल. वर लिहिलेलं सगळं तिला दहा मिनिटांत सांगता येईल. सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला, तीनदा ठेवला, आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला लिहिणं सोपं आहे. तुम्ही त्या सहाव्या दिवशीही मला काही विचारलं नव्हतं.