पट्ट्याबाहेरची चौथी

४ मार्च

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण संपलं! वीस तारखेला जमा करायचा. माझे मार्गदर्शक, सरांना दाखवला तर म्हणाले, "एक उदाहरण संगणकावर चालवून बघ. दोन-दोनच्या मॅट्रिक्स घे." विषयही त्यांनीच हट्टाने गळ्यात मारलेला, मला वेगळाच हवा होता. असो. तासाभराचं काम आहे.

५ मार्च

म्हणे तासाभराचं काम! सगळे ज्याचे दाखले देतात तो सरांचा लेमा, म्हणजे छोटं प्रमेय, सांगतो – मॅट्रिक्सच्या साखळीतून निघणारे खास आकडे, म्हणजे आयगेन व्हॅल्यू, ठरावीक पट्ट्याबाहेर जास्तीत जास्त तीन. संगणक दाखवतो चार. प्रोग्रॅम लिहिताना मीच कुठेतरी माती खाल्ली असणार.

७ मार्च

चारच.

८ मार्च

सापडलं! आणि चूक माझी नाहीच. सरांच्या पेपरात, सातव्या पानावर, AB चं गुपचूप BA झालंय. साध्या आकड्यांचा गुणाकार उलटा केला तरी बिघडत नाही. पण आमच्या साखळीत प्रत्येक जागी एकटा आकडा नाही, दोन-दोन आकड्यांच्या दोन ओळी बसतात. म्हणजेच मॅट्रिक्स, आणि तिथे क्रम बदलला की उत्तर बदलतं. याच चुकीसाठी मी पहिल्या वर्षाच्या पोरांचे मार्क कापते! माझी तीन प्रकरणं या लेम्यावर उभी आहेत.

१० मार्च

आत्याला सांगितलं. गणितातलं तिला शून्य कळलं, पण तीस वर्षं नर्स होती. "डॉक्टरांनी डोस चुकीचा लिहिला तर मी गप्प बसायचे का गं?" म्हटलं, अगं, सर याच महिन्यात निवृत्त होताहेत, हा लेमा म्हणजे त्यांची आयुष्याची कमाई. "मग निरोप समारंभाच्या आधी सांग," म्हणाली आणि परत शब्दकोड्यात डोकं घातलं.

११ मार्च

सांगितलं! फळ्यावर लिहिताना दोनदा खडू मोडला. सरांनी चौथ्या आकड्याभोवती खडूने गोल काढला. मग म्हणाले, "उद्या ये." बस्स. ना राग, ना शाबासकी. प्रबंध गेला बाराच्या भावात. भीती वाटतेय, आणि त्यांचं वाईटही वाटतंय.

१२ मार्च

सरांनी पेपरची स्वतःची जुनी प्रत हातात ठेवली. सातवं पान. त्याच ओळीपाशी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह, खाली त्यांच्याच अक्षरात तारीख – एकोणीस वर्षांपूर्वीची.

"मला तपासायचा धीर झाला नाही," म्हणाले. "म्हणून तुला हा विषय दिला."