हातोडा पुढे पळतोय

३ फेब्रुवारी

आला. आम्हाला वाटलं होतं येणार नाही.

तालमीच्या खोलीत सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. गायक दारातच थबकला. "कुणाचं लग्न आहे?" हातोडा म्हणाला, "तुझं तर नाही. तुला कोण देतंय."

हातोडा हे नाव लोकांनी ठेवलेलं. आम्ही सोडून सगळ्या जगाला वाटतं तो जोरात वाजवतो. तो जोरात वाजवत नाही. तो वाट बघतो. सगळे जिथे वाजवतील तिथे गप्प बसतो, आणि मग एकदाच.

ड्रम स्वतः लावले. तोच गालिचा, त्यावर चिकटपट्टीच्या खुणा – कुठला पाय कुठे. मोठ्या झांजेला तडा गेलाय. तो वाढू नये म्हणून तड्याच्या टोकाला त्याने भोक पाडलंय. मोठ्या ड्रमच्या पोटात अजून ताईची रजई आहे. ताईचं आणि त्याचं लग्न झालं तेव्हा पहिल्या भाड्याच्या खोलीतली. एका संध्याकाळी त्याने ती पलंगावरून उचलून ड्रममध्ये कोंबली आणि तो आवाज निघाला – बंद दारावर कुणी मुठीने एकदाच ठोकावं तसा. त्या आवाजावर मासिकांनी पानंच्या पानं लिहिली. ताई त्या हिवाळ्यात कुडकुडली. त्यावर कुणी लिहिलं नाही.

मी माझ्या जागी. बास गिटार घेऊन, त्याच्या डाव्या हाताला. मला बघून म्हणाला, "काय साल्या." नात्याने मी आहेच. पण तो ते शिवी म्हणूनच देतो.

५ फेब्रुवारी

ताईकडे जेवलो.

"पीत नाही म्हणतो," ती म्हणाली.

"खरंच नाही पीत. गेल्या उन्हाळ्यापासून."

"मी तुला विचारलं का?"

ताट वाढताना एका पायावर भार देऊन उभी होती. तिचा डावा गुडघा अजून वाकत नाही. अपघात झाला तेव्हा गाडी तो चालवत होता.

निघताना म्हणाली, "मी त्याला सांगितलंय. हा दौरा नीट पार पाड, मग घरात घ्यायचं का ते बघू. त्याआधी दारात उभं राहायचं नाही."

माझ्या कोटाचं वरचं बटण तिनेच लावून दिलं, लहानपणी लावायची तसं. थंडीने माझी बोटं आखडतात.

११ फेब्रुवारी

काहीतरी बिघडलंय. दुसऱ्या गाण्यात तो माझ्या आधी पोचतो. केसभरच. पण इतकी वर्षं त्याचा पाय आणि माझं बोट एकदम पडत आलंय. ऐकणाऱ्याला वाटायचं एकच वाद्य आहे.

गायकाने ऐकलं. वळून म्हणाला, "खाली काय चाललंय? दोघं दोन गावांना निघाल्यासारखे."

 हातोड्याने बुटाची नाडी सोडून परत बांधली.

१२ फेब्रुवारी

आजही पुढे पळाला.

२० फेब्रुवारी

पहिला कार्यक्रम. पडदा उघडायच्या आधीपासून लोक त्याच्या नावाने ओरडत होते. गायकाला ते कधीच आवडलेलं नाही.

मधल्या एकट्याच्या वाजवण्यात तो पूर्वीसारखाच. स्टिक उलट्या धरलेल्या, जाड टोक पुढे. पितळी ड्रमवर इतकं हळू सुरू केलं की मागच्या रांगेतले लोक उभे राहिले, ऐकू यावं म्हणून. मी बास खाली सोडून नुसता बघत होतो. असं वाजवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पाहणारही नाही.

मग आम्ही सगळे परत आत आलो आणि तो पुन्हा माझ्या पुढे.

कार्यक्रमानंतर कपडे बदलायच्या खोलीत गायकाने दार लावून घेतलं.

"तोंड उघड."

हातोड्याने उघडलं. एवढा मोठा माणूस, डॉक्टरपुढे मूल बसतं तसा. गायकाने वास घेतला. काही नव्हतं.

"मग झालंय काय तुला?"

हातोड्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "वय झालं."

सामान गाडीत चढवताना माझ्याजवळ आला.

"हात दाखव कुणाला तरी."

"कुणाला, ज्योतिषाला?"

"डॉक्टरला, गाढवा."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"नसेल झालं तर तो सांगेल की तसं."

मी म्हणालो, तू आधी स्वतःचं बघ. मानेनेच हो म्हणाला आणि झांजांची पेटी उचलली.

पिणं सोडलेली माणसं दुसऱ्यांच्या तब्येतीच्या मागे लागतात. ऐकून होतो.

२६ फेब्रुवारी

कप फुटला. कपाचा कान गुळगुळीत होता, हातातून निसटला.

१ मार्च

आज माझ्यासोबत होता! पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. त्याचा पाय, माझं बोट. जुने दिवस आठवले. मध्येच त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्या हाताकडे टक लावून बघत होता, घामाने निथळत. जणू काही अवजड वस्तू धरून ठेवलीय.

मी खूश. बाहेर आलो तर गायक संतापलेला.

"गाणी होती का प्रेतयात्रा? सगळं ओढत ओढत. मला श्वास पुरेना ओळ संपेपर्यंत."

हातोडा म्हणाला, "माझंच चुकलं."

"तू एकदा पळतोस, एकदा रांगतोस. धड काय करणारेस ते तरी सांग."

"उद्या नीट करतो."

गायकाचं मला पटलं नाही. पण मध्ये कोण पडणार. दोघांचं जुनं आहे.

३ मार्च

परत पुढे. माझं डोकं उठलं.

५ मार्च

हॉटेलातलं जेवणघर. दुपार. बाकीची टेबलं रिकामी. गायकाने आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं.

"मी पुढे उभा असतो, मला पाठीमागचं अर्धंच कळतं," तो मला म्हणाला. "तू त्याच्या शेजारी असतोस. वर घरचा माणूस. तू सांग, चुकतंय कोण? तू म्हणशील ते."

हातोडा मिठाची बाटली फिरवत होता. ताईच्या अटीची गोष्ट त्यालाही माहीत होती, मलाही.

मी म्हणालो, "पुढे पळतोय."

बाटली थांबली. माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"बरोबर आहे त्याचं," तो गायकाला म्हणाला. "मीच आहे."

"मग उद्यापासून –"

"समजलं."

उठताना त्याने माझा उजवा हात हातात घेतला. मला वाटलं हस्तांदोलन. पण त्याने बोटं चाचपली, एकेक, टोकापर्यंत. "साल्या," म्हणाला. आणि गेला.

खरं तेच सांगितलं. कानाने ऐकलं ते.

६ मार्च

फक्त पितळी ड्रम घेऊन गेला. बाकी सगळं आहे तिथे आहे, गालिच्यासकट. जाण्याआधी मोठ्या ड्रमचं तोंड उघडून रजई ओढून काढली, घडी घातली, माझ्याकडे दिली.

"तुझ्या ताईला दे. म्हणावं, परत केली."

रजई नसलेल्या ड्रमला मी सहज पाय मारून बघितला. रिकाम्या पिंपासारखा वाजला.

उरलेले कार्यक्रम पुढे ढकलले.

८ मार्च

ताईने रजई मांडीवर घेतली. मधोमध विरलेली.

"प्यायला परत?"

"नाही. काढलं त्याला."

"कुणी?"

"सगळ्यांनी मिळून."

"तू?"

"मला विचारलं. ऐकलं ते सांगितलं."

बराच वेळ रजईचा टाका चाचपत बसली.

"इकडे येईल तो," मी म्हणालो.

"नाही यायचा. दौरा पार पाडल्याशिवाय दारात यायचं नाही म्हटलं होतं मी. तेवढा एकच शब्द पाळेल तो माझा."

"तू फोन कर."

"केला. उचलत नाही." मग म्हणाली, "जेवून जा." जेवताना माझ्या हातातून चमचा दोनदा सुटला. तिने बघितलं. 

१३ मार्च

गेला.

गॅरेजवरच्या भाड्याच्या खोलीत. घरमालकाने दार तोडलं. बाटल्या होत्या. पलंगावर उशी, तिला मधोमध खळगा, शेजारी स्टिक.

खालचा मेकॅनिक सांगत होता – सकाळपासून अंधार पडेपर्यंत उशी बडवायचा. प्यालेला असला तरी. आम्हाला त्रास नव्हता, म्हणाला, उलट हात आपोआप त्या तालावर चालायचे. घड्याळासारखा. कधी चुकला नाही.

मेकॅनिकला काय कळतंय.

१४ मार्च

नेताना ताईने रजई त्याच्यावर घातली. मी खांदा दिला. डावा. उजव्या हाताने पकड बसेना.

२४ मार्च

नवी ड्रमर आली. गायकाने शोधून आणली. पंचविशीची, कमी बोलणारी. त्याच्याच गालिच्यावर बसली, खुणा बदलल्या नाहीत. ड्रमच्या पोटात स्वतःची उशी घातली. कानात ताल मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक लावल्याशिवाय ती वाजवत नाही. म्हणते, माणूस चुकतो, हे चुकत नाही.

चांगली आहे. दुसरं गाणं घेतलं.

हीसुद्धा पुढे पळते.