प्रबंधात आलेली भाकरी

आई, गेले काही दिवस माझ्या टेबलावर एक प्रबंध पडून आहे आणि त्याबद्दल बोलायला मला दुसरं कुणी सापडत नाही. कॉलेजात बोलायची सोय नाही, कारण परीक्षकानं तोंड बंद ठेवायचं असतं. घरी तुझे जावई म्हणतात, सही कर आणि मोकळी हो. तू गेलीस तेव्हा मी अजून शिकत होते आणि गावात फोन होता तो फक्त पोस्टात. म्हणून आधी एवढं सांगते की आता प्रत्येक गावाचा मोबाईलवर एक ग्रुप असतो. आपल्या बेंबळीचाही आहे. सकाळी देवाचे फोटो येतात, दुपारी सोयाबीनचा भाव येतो, आणि मधूनच कुणीतरी कुणाला तरी नाव न घेता टोमणा मारतं. पारावर चालायचं तेच सगळं, फक्त आता समोरच्याचं तोंड बघावं लागत नाही.

हे ग्रुप माणसांना जवळ आणतात की लांब करतात, यावर लोक हल्ली डॉक्टर होतात. अडल्या वेळी आपल्यासाठी किती माणसं उठून येतील, त्याला आमच्या विषयात सामाजिक भांडवल म्हणतात. हसू नकोस, त्याच शब्दावर माझा पगार चालतो. हा प्रबंध लिहिणारा परंड्याकडं एका कॉलेजात तासावर शिकवतो. पदवी मिळाली तर कायम व्हायची आशा, नाहीतर दर जूनला पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहायचं. मला हे माहीत आहे, आणि तरीही मी कडक परीक्षक म्हणून बदनाम आहे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी आमच्या संशोधनाची गत झालीय, त्यात मी तरी जात्याजवळ काठी घेऊन बसावं असं मला वाटत आलंय. या गृहस्थानं सगळे प्रश्न ग्रुपवरच टाकले होते. जे ग्रुपवर दिवसभर बसतात त्यांनाच विचारलं की ग्रुप चांगला आहे का. देवळात उभं राहून देव मानता का विचारण्यातली गत. जे ग्रुप सोडून गेले, ज्यांना काढून टाकलं, ज्यांच्याकडं फोनच नाही, त्यांचा पत्ता नाही. हे सगळं मी समासात लाल शाईनं लिहीत चालले होते, मजेत म्हणालीस तरी चालेल. मग चौथं प्रकरण आलं.

त्यात एका गावाला नाव न देता 'गाव क' म्हटलं होतं. तिथल्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या निधनाची बातमी ग्रुपवर पडल्यावर शोकसंदेशांची रीघ लागली, त्याचं सगळं वर्णन. नावं काळी केलेली. पण एक संदेश तसाच छापला होता: 'तालमीतला शेवटचा गडी गेला.' आई, हा संदेश पुण्यातल्या माझ्या मावसभावानं टाकला होता. मी तो ओसरीवर बसून वाचला होता, आणि आत आबांना आंघोळ घालत होते. तो वृद्ध शेतकरी म्हणजे आपले आबा. आणि खाली निष्कर्ष होता की या दिवशी सारं गाव त्या घरामागं उभं राहिलं, हा गावातल्या परस्परविश्वासाचा सर्वांत भक्कम पुरावा.

खोटं पूर्ण नव्हतं. लाकडं आली, ट्रॅक्टर आला, दुपारच्या आत सगळं पार पडलं, आणि ते ग्रुपमुळंच. पण सोयाबीनच्या राशींचे दिवस होते. स्मशानातून माणसं पाय धुऊन थेट रानात गेली. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "भाकरीचं बघा रे कुणीतरी." त्याच्याखाली अंगठे उमटत गेले. प्रत्येकानं अंगठे पाहिले आणि प्रत्येकाला वाटलं, चला, झाली सोय. मयताच्या घरी चूल पेटवायची नाही, घास शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणायचा, हे कुणी विसरलं नव्हतं. सगळ्यांच्या लक्षात होतं, म्हणूनच कुणी आलं नाही. दिवस मावळला. तुझा धाकटा लेक दाराकडं बघत बसलेला, त्याची बायको थंड चुलीपुढं. शेवटी तुझे जावई गाडी काढून रस्त्यावरच्या ढाब्यावर गेले आणि तंदूर रोट्या, शेवभाजी घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशव्यांतून रस्सा गळत होता. धाकट्यानं भिंतीकडं तोंड करून खाल्लं. दुसऱ्या दिवशी माणसं जीभ चावत दुरड्या घेऊन आली, पण पहिला घास तो पहिला घास. आबांसाठी रडले त्याहून मी त्या पिशव्यांसाठी जास्त रडले. माझ्या बापाच्या मरणाला गावानं अंगठा दाखवला, असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं.

त्या संध्याकाळी मला सारखी तू दिसत होतीस. मी दहा-बारा वर्षांची असेन. शेजारच्या रानातला म्हातारा वारलाय, तू चुलीपुढं आहेस, भाकरी थापतेस, तव्यावर टाकतेस, डोळ्यांना धूर लागलाय. बांधावरून त्या घराशी आपलं बोलणं बंद होतं. त्यांनी आपल्या शेळीचा पाय मोडला होता. मी म्हणाले, "त्यांच्याकडं कशाला जायचं? आपल्या शेळीला मारलंय त्यांनी." तू वर न बघता म्हणालीस, "मयताच्या घरी भांडान न्यायचं न्हाय. ही दुरडी धर, आन् तोंड बंद ठिव." तुझ्या आवाजात माया नव्हती, वैताग होता. त्या घरात तू दुरडी ठेवलीस, कुणाशी बोलली नाहीस, आणि आपण परत आलो. बोलणं पुढंही बंदच राहिलं. तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. खालच्या आळीतून आलेली दुरडी दारातूनच परत गेलेली मी पाहिलीय, आणि तेव्हा तूही गप्पच होतीस.

घरचं माणूस आत असलेला प्रबंध मी तपासायचा नव्हता. विद्यापीठाला तसं कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. प्रबंध सुधारणेसाठी परत पाठवला आणि लिहिलं, 'शोकसंदेश मोजून भागणार नाही. ज्या घरी मृत्यू झाला त्या घरी जाऊन विचारा, त्या दिवशी प्रत्यक्ष कोण आलं, आणि घरातली माणसं काय जेवली.' आता खरं बाहेर येईल, असा मला आतून हुरूप आला होता. माझ्या तोंडून नको, त्याच्याच तोंडून येऊ दे.

बिचारा खरोखर गेला. बस बदलत बेंबळीला पोचला, धाकट्याला भेटला, ओसरीवर बसून त्याचं बोलणं उतरवून घेतलं. सुधारलेला प्रबंध गेल्या आठवड्यात माझ्याकडं आला. त्यात मृताच्या मुलाची मुलाखत आहे. 'आमच्या घरात तीन दिवस चूल पेटली नाही. गावानं आम्हाला जेवू घातलं.'

मी धाकट्याला फोन केला. मी परीक्षक आहे हे त्याला सांगितलं नाही. नुसतं विचारलं, गावात कुणी माहिती विचारत आलं होतं म्हणे.

"व्हय, आलते एक सर. लई गरीब माणूस. च्या पाजला."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगायचं? गावानं जेवू घातलं म्हनलं."

"घातलं का?"

मागं कुणीतरी मोटारपंपाबद्दल बोलत होतं.

"अक्का, तू हाईस धाराशिवला. मला हितं ऱ्हायाचंय. उद्या माझ्या दारात मयत झाली तर हीच मान्सं लागत्याल. आबाच्या दिवशी गावानं उपाशी ठिवलं आसं छापून आणू का? झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि मग, "आन् आबाचं नाव जाईल त्यात. लोक म्हनत्याल, म्हाताऱ्यानं काय जोडलं व्हतं मग?"

मला त्याचा राग आला. त्याच्या हातात भांडवल म्हणून जे काही आहे ते एवढंच आहे, आणि ते टिकवायला तो आपल्या बापाच्या दिवसाचं खोटं सांगतो. मी यावर वर्गात तासभर बोलू शकते. फोनवर मी फक्त "ठेवते" म्हणाले.

काल मी ती मुलाखत पुन्हा सावकाश वाचली, कुठं पकडता येईल ते बघायला. धाकटा सांगतो, पहिली दुरडी वरच्या आळीतल्या चुलतीची आली. फडक्यात बांधलेल्या जोंधळ्याच्या भाकरी, पिठलं, कांदा. मी खात नव्हतो तर तिनं मला जवळ ओढलं, ताकात भाकरी कुस्करली आणि आपल्या हातानं भरवली. मग अंधार पडेपर्यंत बायका येत राहिल्या, दुरड्या ठेवायला ओसरी पुरली नाही. आई, ती चुलती आबांच्या कितीतरी वर्षं आधी गेली. आणि पन्नाशीतल्या बाप्याला ताकभाकरी कोण भरवतं? सरांना हे खटकलं नाही. धाकट्यानं काही रचून सांगितलेलं नाही. तू गेलीस तो दिवस त्यानं सांगितला आहे, आबांच्या नावावर. तो तेव्हा शाळेत होता. मला वाटत होतं त्याला त्यातलं काहीच आठवत नसेल.

परीक्षक म्हणून ती एक ओळ पुरेशी होती. चुलतीपाशी खूण करून मी अख्खं प्रकरण पाडू शकत होते. मी लाल पेन हातात घेतलं आणि ठेवून दिलं. शिफारस लिहिली, सही केली. उद्या पुढचा कुणीतरी या प्रबंधाचा आधार घेऊन लिहील की ग्रुपवर नुसता निरोप टाकला तरी गावं घरांना जेवू घालतात, आणि त्यावर माझी सही असेल. परंड्याच्या त्या माणसासाठी केलं असं म्हणायला मला आवडलं असतं.

प्रबंध उद्या विद्यापीठाकडं जाईल. तुला लिहिलेले हे कागद कुठं जायचे नाहीत. सकाळी कॉलेजसमोरच्या दुकानात मी त्या मुलाखतीच्या पानाची झेरॉक्स काढली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. परीक्षकाला तसं करता येत नाही. पण तुझ्या त्या दिवसाबद्दल दुसरीकडं कुठंच काही लिहिलेलं नाही.