दांड्यातून निसटलेलं पातं

मास्तर,

तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता म्हातारा झालोय. मिशनच्या शाळेमागची तुमची खोलीही पाडली. पण त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यातली ती दुपार काही माझ्या डोक्यातून जात नाही.

बांधावरची बाभळ तोडताना चुलतभावाच्या हातातल्या कुऱ्हाडीचं पातं निसटलं आणि माझ्या थोरल्या भावाच्या मानेत बसलं. भाऊ जागीच गेला. चुलतभाऊ पळाला तो थेट तुमच्या खोलीत. त्या बांधावरून दोन घरांचं आधीच वाजलेलं, त्यामुळे चूक झाली म्हटलं तर ऐकणार कोण? मामा म्हणाला, "बांगड्या भरल्यास का रं?" मी कोयता घेऊन निघालो.

तुम्ही उंबऱ्यातच बसलेले.

"आवं मास्तर, बाजूला व्हा. तुमच्याच शास्त्रात डोळ्याला डोळा लिवलाय न्हवं?"

"लिवलाय. एकाला एकच, सूड तितंच थांबावा म्हणून. आन् लाकूड तोडताना पातं निसटून सोबती मेला, तर मारणाऱ्याला पळून जायला गावं नेमल्यात, हेबी त्यातच हाय. आज ते गाव म्हंजे ही खोली. कुऱ्हाड कुणाची हुती?"

"आमची."

"आदल्या राती पाण्यात ठिवली हुती?"

उन्हाळ्यात दांडा वाळून आकसतो, पातं सैल होतं. म्हणून आपल्याकडे कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. आमच्या घरात ते काम माझं होतं आणि मी ते विसरलो होतो. मी नजर चुकवली, तुम्हाला कळलं. त्या क्षणी मला चुलतभावापेक्षा तुमचाच जास्त राग आला. कोयता हातातच होता.

"घरी जा. आईपाशी बस," एवढंच तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला एसटीनं तासगावला नेऊन पोलिसांपुढे उभं केलंत. पुढे तो सुटला. माझी चूक तुम्ही शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाहीत.

त्यानं मात्र पुन्हा कुऱ्हाडीला हात लावला नाही. सरपणसुद्धा बायको फोडायची आणि गाव हसायचं. भावाच्या पित्राला दरवर्षी न बोलावता येतो. पंगतीला बसत नाही, उष्ट्या पत्रावळ्या उचलतो. परवाही आला. जाताना म्हणाला, "माज्या हातनं झालं रं."

"जाऊ दे, तुला कवाच माफ केलंय," मी म्हणालो. दरवर्षी हेच म्हणतो.

तो चार पावलांवर राहतो, मास्तर. आज ती पाण्याची गोष्ट त्यालाच लिहायला बसलो होतो. वर तुमचं नाव घातलं.